अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर टीका करायचीय? मग १९७१ पासून सुरुवात करा

बलाढ्य देशाच्या परराष्ट्र धोरणावर टीका करावी का, यावर मला फार वाद घालायचा नाहीये. करायचीच. त्यांच्या एका निर्णयाने हजारो मैलांवरची माणसं मरतात आणि त्या माणसांना तिकडच्या निवडणुकीत मत नसतं, मग निदान बोलायचा हक्क तरी हवा ना. पण "अमेरिका पहिल्यापासून अशीच" एवढं लिहून थांबलात तर समोरच्याला उत्तरच द्यावं लागत नाही, म्हणून ती कशी करायची ते एका प्रकरणावरून सांगतो, म्हणजे १९७१ चं पूर्व पाकिस्तान (आजचा बांगलादेश). आपल्याला जवळचं आहे आणि कागदपत्रं भरपूर आहेत.

सगळ्यात आधी, देश नको, निर्णय पकडा. कोणी घेतला, कधी घेतला, त्या दिवशी त्यांना काय माहीत होतं. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात ऑपरेशन सर्चलाइट नावाची कारवाई सुरू केली, विद्यापीठात घुसून लोक मारले. तिथला अमेरिकन कॉन्सुल जनरल (म्हणजे तिथल्या वकिलातीचा प्रमुख) आर्चर ब्लड वॉशिंग्टनला हे वारंवार कळवत होता. ६ एप्रिलला तर तिथल्या २० अमेरिकन अधिकाऱ्यांनी सह्या करून तार पाठवली की आपलं सरकार लोकशाही चिरडली जात असताना गप्प आहे, अत्याचारांचा निषेध करत नाहीये, आणि ब्लडने तिला पाठिंबा दिला. म्हणजे "आम्हाला कल्पना नव्हती" हा बचाव इथेच संपतो. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सनने स्वतःच्या हाताने शेरा मारला की पाकिस्तानचा लष्करी सत्ताधीश याह्या खानवर सध्या दबाव आणू नका. ब्लडला ढाक्यातून परत बोलावलं गेलं. टीका इथे करायची, या शेऱ्यावर आणि या बदलीवर, "गोऱ्यांची मानसिकता" वगैरेवर नको.

हे सगळं कुठून मिळतं तर त्यांच्याच दप्तरातून. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपली जुनी कागदपत्रं छापतं, ती मालिका १८६१ पासून चालू आहे आणि ऑनलाइन फुकट वाचता येते, दक्षिण आशिया १९७१ चा खंड २००५ मध्ये आला. हे त्यांचं श्रेय आहे आणि ते द्यायला कचरू नका. व्हॉट्सअॅपवर फिरणारं एखादं जळजळीत वाक्य निक्सनच्या सुरक्षा सल्लागाराच्या, किसिंजरच्या नावावर खपवण्यापेक्षा यातली दोन पानं वाचा, मूळ कागद जास्त बोचरे आहेत.

आता अवघड भाग, जो बहुतेक जण गाळतात. त्यांची बाजू त्यांनी मांडली असती तितक्याच ताकदीने आधी तुम्ही मांडा. निक्सनला चीनशी बोलणी सुरू करायची होती आणि याह्या खान हा निरोप्या होता, जुलै १९७१ मध्ये किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला गेला. चीनशी संबंध जुळणं ही छोटी गोष्ट नव्हती, शीतयुद्धाचं गणित त्याने बदललं, हे मान्य करून टाका. आणि मग विचारा की त्यासाठी गप्प बसणं खरंच गरजेचं होतं का? चीनशी निरोपांची देवाणघेवाण रोमानियामार्फतही चालू होती. बरं जुलैनंतर तर पॅरिसमध्ये थेट संपर्क सुरू झाला, मग डिसेंबरमध्ये याह्याची निरोप्या म्हणून काय गरज उरली होती? तरी तेव्हा एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली, आणि जॉर्डनकडची लढाऊ विमानं पाकिस्तानला द्यायचा घाट घातला, तेही हे आपल्या कायद्यात बसत नाही असं त्यांच्याच खात्यातल्या लोकांनी सांगितलेलं असताना. माझ्या मते खरा दोष इथे सापडतो, एप्रिलपेक्षा डिसेंबरचं वागणं जास्त अक्षम्य आहे कारण चीनचा रस्ता तोपर्यंत उघडला होता. भारतात तोवर जवळपास एक कोटी निर्वासित आले होते.

सरकार आणि लोक वेगळे ठेवा, हे थोडक्यात सांगतो. सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये निर्वासितांच्या छावण्या बघायला आला आणि परत जाऊन स्वतःच्या सरकारवर तुटून पडला. बाल्टिमोरच्या बंदरात साधी माणसं छोट्या होड्या घेऊन लष्करी सामान न्यायला आलेलं पद्मा नावाचं पाकिस्तानी जहाज अडवायला गेली, त्यांना अटक झाली. तुमच्या टीकेत या लोकांना जागा नसेल तर ती अर्धवट आहे.

मग मोजपट्टी एकच ठेवायची, आणि इथे आपली लोकं हमखास घसरतात. १९७१ मध्ये सोव्हिएत युनियनने सुरक्षा परिषदेत व्हेटो वापरून आपल्याला सांभाळलं, त्याबद्दल कृतज्ञ राहा, पण म्हणून १९६८ ला चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये घुसलेले त्यांचे रणगाडे माफ होत नाहीत, भारत तेव्हा सुरक्षा परिषदेत तटस्थ राहिला होता. २०२२ ला युक्रेनवरच्या मतदानातही तटस्थ राहिलो. इराकवर २००३ ला खोट्या ठरलेल्या शस्त्रसाठ्याच्या कारणाने हल्ला केला हे तुम्ही ओरडून सांगत असाल (आणि सांगायलाच हवं, ती शस्त्रं सापडलीच नाहीत) तर युक्रेनबद्दल आवाज खाली का येतो, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. उलट बाजूनेही तेच, कोणी "मग रशियाचं काय" म्हणत ढाक्याचा विषय उडवायला लागला तर रशियाबद्दल एका ओळीत स्पष्ट उत्तर द्या आणि परत ढाक्यावर या, तिकडे भरकटू नका. आणि आपल्या अडचणीचं असेल तेही लपवू नका, ७ डिसेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत-पाक युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने १०४ देश होते आणि विरोधात फक्त ११, म्हणजे तेव्हा बहुसंख्य जग आपल्या बाजूने नव्हतं. हे स्वतःहून सांगितलंत तर समोरच्याला ते हत्यार म्हणून वापरता येत नाही.

शेवटी मागणी काय ते लिहा. "अमेरिकेने माफी मागावी" हे ठीक आहे, पण जास्त उपयोगाचं म्हणजे आजच्या एखाद्या प्रकरणात नेमकं काय थांबवायचं ते, कुठली शस्त्रविक्री, कुठल्या दूतावासातून आलेला कुठला इशारा दाबला जातोय. परदेशात राहणाऱ्या आणि तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांना तर आपल्या खासदाराला पत्र लिहिता येतं, त्यात तारीख आणि निर्णयाचं नाव घाला, तुमचा मतदारसंघ घाला, आणि एका पानात संपवा.