टेक्सासमध्ये लायसन्स ऐच्छिक आहे, तरीही काढा

डॅलसच्या आसपास नवीन राहायला आलेलं कोणी मंडळाच्या कार्यक्रमात भेटलं की हळूच विचारतं, "इथे बंदुकीला लायसन्स लागत नाही म्हणे?" हे अर्धंच खरं आहे. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला हँडगन जवळ बाळगायला परवाना लागत नाही. जुनं 'लायसन्स टू कॅरी', म्हणजे एलटीसी, मात्र चालूच आहे. ज्याला हवं त्याने काढावं. माझं मत: बंदूक घेणारच असाल तर ते काढाच.

पण आधी 'कायद्याने मनाई नसलेला' म्हणजे कोण ते बघा, कारण आपल्यातले निम्मे लोक तिथेच अडकतात. एच-1बी, एल-1, एफ-1, एच-4 अशा व्हिसावर असाल तर बंदूकच काय, एक काडतूसही जवळ ठेवायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिक्षा 15 वर्षांपर्यंत. टेक्सासने परवान्याची अट काढली म्हणून वॉशिंग्टनचा कायदा सुटत नाही. "ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेलं आय-140 मंजूर झालंय, आता काय हरकत?" हरकत आहे. ग्रीन कार्ड हातात येऊ द्या. ऑफिसातला मित्र नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जातो आणि पिस्तूल हातात देतो, तेही बाळगण्यातच मोजलं जाऊ शकतं. शिकारीच्या परवान्याचा अपवाद कायद्यात आहे; व्हॉट्सॲपवरचे वकील तो मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. खऱ्या वकिलाला पैसे देऊन विचारा. ग्रीन कार्डवाल्यांनीही छाती काढून फिरू नये: शस्त्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढता येतं. इथल्या गोऱ्या शेजाऱ्याला जी चूक दंडावर भागते, ती आपल्याला परतीचं तिकीट देऊ शकते. लायसन्सचा आग्रह मी याचसाठी धरतो.

सगळ्यात मोठा फायदा शाळेचा आहे आणि तो कोणी सांगत नाही. 1990 च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून 1,000 फुटांच्या आत भरलेली बंदूक चालत नाही. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने लोपेझ खटल्यात तो कायदा रद्द केला (खटला सॅन अँटोनिओच्याच एका शाळेतला), मग काँग्रेसने दुरुस्ती करून तो पुन्हा आणला. आपली माणसं घर घेतात ती शाळा बघून. स्वतःच्या घरात, अंगणात सूट आहे; पण गाडी रस्त्यावर आली की फ्रिस्को-प्लेनोच्या कुठल्याही वस्तीत तुम्ही त्या हद्दीत असता. राज्याचं लायसन्स असलेल्याला त्यातून सूट मिळते, नसलेल्याला नाही. ही सूट रस्त्यापुरती. शाळेच्या इमारतीत एलटीसीवाल्यालाही बंदी आहे, आणि आपला गणेशोत्सव कित्येकदा शाळेच्याच सभागृहात असतो. त्या दिवशी बंदूक घरी, तिजोरीत.

दुसरा फायदा राज्याबाहेरचा. व्हाइट सँड्स बघायला न्यू मेक्सिकोत जाल, तिथे भरलेलं पिस्तूल कपड्याखाली घेऊन चालायचं तर परवाना लागतो, आणि टेक्सासचा चालतो. एडिसनला मावशीकडे मात्र नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया टेक्सासचं लायसन्स मानत नाहीत. जाण्याआधी त्या-त्या राज्याचा नियम बघा.

दुकानांच्या दारावर बंदूक आत आणायला मनाई करणाऱ्या पाट्या असतात, त्यांवर 30.05, 30.06, 30.07 असे कलमांचे आकडे दिसतील. 30.05 ची पाटी बिनपरवाना बाळगणाऱ्यांसाठी; 30.06 परवानाधारकाने लपवून आणलेल्या हँडगनसाठी, 30.07 उघड लावलेल्यासाठी. नुसती 30.05 असेल तिथे एलटीसी कामाला येतं. बारवर लाल '51%' दिसलं (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथे प्यायल्या जाणाऱ्या दारूतून) तर बंदूक कोणीच आत न्यायची नाही.

नवीन बंदूक घेताना एलटीसी दाखवलं की दुकानदाराला एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी करावी लागत नाही. बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म 4473 तरीही भरायचाच. त्यात गांजाचा प्रश्न आहे; कोलोरॅडोत कायदेशीर आहे वगैरे तिथे चालत नाही.

खर्च फार नाही. राज्याची फी 40 डॉलर (2017 पर्यंत 140 होती), क्लासचे आणि बोटांच्या ठशांचे वेगळे. क्लास चार ते सहा तासांचा, तो ऑनलाइनही होतो. मग रेंजवर 50 गोळ्या, 3, 7 आणि 15 यार्डांवरून. 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. माझ्या मते गोळ्यांपेक्षा तो क्लास जास्त मोलाचा. बळ कधी वापरता येतं, भांडण न वाढवता कसं निघावं, घरात मुलं असतील तर शस्त्र कसं ठेवावं, हे सगळं त्यात असतं. 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे. यूट्यूब बघून कंबरेला होल्स्टर लावणारे आपले काही उत्साही वीर हा भाग टाळतात.

आता माझं नेहमीचं तुणतुणं. रेंजची बॅग वेगळी ठेवा. वेगळी म्हणजे वेगळी. तीच बॅग लॅपटॉपला नको, भारताच्या प्रवासाला तर नकोच नको. आमच्या ओळखीतल्या एकाने नेली. खालच्या कप्प्यात एक काडतूस राहिलं होतं आणि भारतातून परत निघताना विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा, पोलीस ठाणं, वकील, कोर्टाच्या तारखा. इकडे नोकरीवर रजेचा खुलासा. टेक्सासचं लायसन्स त्याच्या खिशात होतं, तिथे त्याला कोण विचारतो? निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक बॅग उलटी करून झटका. बायकोची, मुलांचीही.

पोलिसाने थांबवून ओळखपत्र मागितलं तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसीही द्या, हात स्टिअरिंगवर ठेवा, सावकाश बोला.

पहिलं लायसन्स साधारण चार वर्षं चालतं, पुढचं पाच. घर बदललंत तर राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाला, म्हणजे डीपीएसला, 30 दिवसांत कळवायचं. ग्रीन कार्डवाल्यांनी इमिग्रेशन खात्याला 10 दिवसांत. दोन्ही कामं एकाच संध्याकाळी उरका.