एकच जनुक, तीन बेड: आयसीयूत प्रतिरोधक जंतू पसरवणाऱ्या या चुका टाळा

सोमवारी तीन नंबरच्या बेडवरच्या पेशंटच्या रक्तात क्लेबसिएला हा जंतू सापडतो, मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकला दाद न देणारा. गुरुवारी सात नंबरच्या लघवीत ई. कोलाय येतो, तोही तसाच. रविवारी नऊ नंबरच्या जखमेत एन्टरोबॅक्टर. रजिस्टरमध्ये तीन वेगळ्या ओळी पडतात, तीन वेगळे जंतू म्हणून तीन वेगळे उपचार होतात आणि साथ लागल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

कारण इथे पसरतंय ते जनुक. मेरोपेनेमसारखी औषधं मोडणाऱ्या एनडीएम नावाच्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी कडी. एक जंतू शेजारच्याला चिकटतो, कडीची प्रत त्याच्या हवाली करतो आणि दोघंही प्रतिरोधक होतात. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. पेशंटचं आतडं आणि बेसिनखालचा पाइप या अशा देवाणघेवाणीच्या भरवस्तीच्या जागा. त्यात ई. कोलाय पोषक द्रवात साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे नवी कडी रातोरात किती जंतूंच्या हाती पडते याचा अंदाज येईल.

म्हणून मेरोपेनेमला दाद न देणारा आतड्यातला कुठलाही जंतू आला, की जंतूच्या जातीऐवजी प्रतिरोधाच्या यंत्रणेनुसार, म्हणजे कोणता विकर औषध मोडतोय त्यानुसार, नोंद करा. जनुक थेट शोधणारी पीसीआर चाचणी नसली तरी साध्या लॅबमध्ये एमसीआयएम चाचणी जमते; जंतूचा विकर मेरोपेनेम मोडतो का, ते ती दाखवते. २ मिली ट्रिप्टिक सॉय ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पोषक द्रवात) १ मायक्रोलिटरच्या लूपने जंतू मिसळा, त्यात मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क (औषध मुरवलेली कागदी चकती) ४ तास ३५ अंशांवर ठेवा. मग ती डिस्क साध्या, संवेदनशील ई. कोलायच्या प्लेटवर लावून रात्रभर ठेवा. डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ ६ ते १५ मिमी आलं तर विकराने औषध मोडलं, १९ किंवा जास्त आलं तर नाही. १६ ते १८ मिमीच्या वर्तुळात बारीक वसाहती दिसल्या, तर तोही पॉझिटिव्हच धरा. दुसऱ्या नळीत ईडीटीए (एनडीएमसारख्या विकरांना बंद पाडणारं रसायन) घातल्यावर वर्तुळ ५ मिमी किंवा त्याहून जास्त वाढलं, तर एनडीएमच्या कुळातला विकर आहे. एक सावधगिरी मात्र हवी: त्याच जंतूत ओएक्सए-४८ हा दुसरा विकर सुद्धा असेल, तर ईडीटीएची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि आपल्याकडे या दोघांची जोडी नवी नाही.

याचा उपचारावर थेट परिणाम होतो. एनडीएम असताना नुसतं सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम (अँटिबायोटिक आणि विकराला अडवणारं औषध यांची जोडी) देणं म्हणजे नातेवाइकांचे हजारो रुपये पाण्यात. अविबॅक्टम एनडीएमला अडवू शकत नाही. त्याच्या जोडीला ॲझट्रिओनाम हे आणखी एक अँटिबायोटिक द्यावं लागतं. एनडीएम ॲझट्रिओनामला मोडत नाही आणि त्याला मोडणाऱ्या बाकीच्या विकरांचा बंदोबस्त अविबॅक्टम करतं.

‘मेरोपेनेम जपून वापरतो, अमिकासिन आणि सिप्रो ही साधी अँटिबायोटिक देतो, म्हणजे आपण सुरक्षित’ हाही भ्रम आहे. त्याच कडीवर अनेकदा अमिकासिनला आणि सिप्रोला न जुमानणारी जनुकं एकाशेजारी एक बसलेली असतात. त्यातलं कुठलंही औषध दिलं तरी अख्खी कडी टिकते. गरज नसताना दिलेलं साधं औषधसुद्धा महागड्या औषधाचा प्रतिरोध पोसतं.

आता बेसिन. वॉर्डातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. बेसिनखालच्या वळणदार पाइपात पाणी कायम साचून राहतं, त्याच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. उरलेलं डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन), चहा, रायल्स ट्यूबचं (नाकातल्या नळीचं) फीड हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतलं की त्या थराला खाऊच मिळतो. खाऊ मिळाला की तो थर दिवसाला साधारण इंचभर वर चढत जाळीपर्यंत पोचतो. नळाची धार थेट जाळीवर पडत असेल, तर तुषार सुमारे मीटरभर उडतात. शेजारीच इंजेक्शन भरायचा ट्रे असतो. एकदा फ्लूओरेसिनचा चमकणारा रंग बेसिनच्या जाळीत टाकून नळ सोडून बघा, थेंब कुठंवर गेले ते काळ्या प्रकाशाच्या (अतिनील) टॉर्चने स्पष्ट दिसतं. एवढं एक प्रात्यक्षिक सिस्टरना आणि मावशींना दाखवलं, तर दहा सूचनाफलकांचं काम होतं.

पाइपात हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) ओतून हा प्रश्न सुटत नाही. काही दिवसांत थर परत येतो. पाइप बदलला तरी खाऊ चालू राहिला तर तेच. उपाय असा: हात धुण्याचं बेसिन फक्त हात धुण्यासाठी, उरलेले द्रव स्लूस रूममध्ये (वॉर्डातलं घाण पाणी ओतायच्या खोलीत). नळाची धार जाळीच्या बाजूला पडेल अशी बसवा आणि औषध भरायची जागा मीटरभर लांब किंवा मध्ये आडोसा लावून ठेवा.

हायपो बनवताना तर हमखास चूक होते. कॅनवर ५ टक्के लिहिलंय की १० टक्के, ते न वाचताच मामा अंदाजाने ओततात. १ टक्का हवा तर ५ टक्क्यांच्या एका मगाला ४ मग पाणी, १० टक्क्यांच्या एका मगाला ९ मग. रक्त सांडलं असेल तर आधी पुसून घ्या, मग हायपो किमान १० मिनिटं राहू द्या. घाणीत क्लोरीन वाया जातो. द्रावण रोज ताजं बनवा, कॅन उन्हात ठेवू नका. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडात तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. बेडचे कठडे, मॉनिटरची बटणं, बीपीचा पट्टा रोज पुसा. ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो.

नमुना चुकला की पुढचं सगळं चुकतं. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची चाचणी) अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी, दोन वेगळ्या जागांवरून, मोठ्या माणसात दर बाटलीत ८ ते १० मिली. २ मिली रक्तात जंतू निसटतात. बाटलीचं झाकण स्पिरिटने पुसून सुकू द्या. कोल्हापुरात शाहूपुरी-राजारामपुरीतली पुष्कळ छोटी नर्सिंग होम्स बाहेरच्या लॅबला नमुने पाठवतात. तिथे रात्रीचे नमुने सकाळपर्यंत थांबतात, आणि हमखास उलटं घडतं: रक्ताची बाटली फ्रिजमध्ये आणि लघवी टेबलावर. रक्ताची बाटली फ्रिजमध्ये कधीच नको, ती त्याच रात्री लॅबला पोचवा. लघवी २ तासांत पोचत नसेल तर ४ अंशांवर, २४ तासांपर्यंत. लघवीची नळी घातलेल्या पेशंटचा नमुना युरोबॅगमधून (लघवीच्या पिशवीतून) घेऊ नका. नळी नमुना घ्यायच्या पोर्टच्या खाली थोडा वेळ चिमटा, पोर्ट स्पिरिटने पुसा, सिरिंजने ५ ते १० मिली ओढा.

कोलिस्टिन या शेवटच्या पर्यायाच्या अँटिबायोटिकचा रिपोर्ट डिस्कवरून दिला असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका. हे औषध आगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच हवी, म्हणजे पोषक द्रवात औषधाचं प्रमाण बदलत घेतलेली चाचणी. प्रोटिअस आणि सेराशिया हे जंतू तर जन्मजातच कोलिस्टिनला दाद देत नाहीत.

ऑपरेशननंतर पाच-सात दिवस इंजेक्शन चालू ठेवायची सवय अजून गेलेली नाही. स्वच्छ ऑपरेशनला बहुतेक वेळा सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम, चिरा देण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत, एवढं पुरतं. ऑपरेशन ४ तासांवर गेलं तर पुन्हा एक डोस. ड्रेन (जखमेतला द्रव काढणारी नळी) आहे म्हणून २४ तासांपुढे ओढण्यात काहीच फायदा नाही.

ग्लोव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ असं नाही. काढल्यावर हँडरब (हातांना चोळायचं स्पिरिटचं द्रावण) लागतोच. ओंजळभर घेऊन २० ते ३० सेकंद, हात सुके होईपर्यंत चोळा. जुलाब क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूचे असतील तर मात्र साबण-पाणीच, कारण त्याच्या बीजाणूंना स्पिरिट मारत नाही. पावसाळ्याआधी हँडरबचा जादा साठा करा. २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि कोल्हापूर शहराचा पाणीपुरवठा कोलमडला. तेव्हा नळ नसताना हातांसाठी हँडरबचाच आधार होता.

शेवटची चूक रेफर करताना होते. चंदगडचा पेशंट गडहिंग्लजला, तिथून कोल्हापूरला, बरा होऊन परत गावी. सोबत प्रतिरोधक जंतूही जातात आणि त्याच्या आतड्यात महिनोन् महिने राहतात, त्याला काही त्रास नसला तरी. दुसऱ्या आयसीयूतून आलेल्या पेशंटचा रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून कापसाच्या काडीवर नमुना) घ्या आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत किंवा कोपऱ्यातल्या बेडवर ठेवा. स्वॅब पॉझिटिव्ह आला पण आजार नसेल, तर अँटिबायोटिक देऊ नका, त्याने जंतू जात नाही. परत पाठवताना डिस्चार्ज कार्डावर ‘क्लेबसिएला’ एवढंच लिहून थांबू नका. ‘एनडीएम पॉझिटिव्ह, अमुक तारखेचा स्वॅब, पुढच्या भरतीत वेगळं ठेवा’ असं मोठ्या अक्षरात, मराठीतसुद्धा लिहा, कारण पुढच्या वेळी ते कार्ड आधी नातेवाईकच वाचणार आहेत.