दायित्व विमा घेताना रक्कम किती ठरवावी?

नवव्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये ठेवलेली कुंडी खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात पडली, तर भरपाईचा दावा प्रथम कुंडी ठेवणाऱ्यावर होतो. सोसायटीने इमारतीचा विमा उतरवला आहे, एवढ्यावर येथे विसंबता येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसीदेखील मुळात घर आणि घरातील सामान यांच्या नुकसानीसाठी आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची वा नुकसानीची भरपाई देणारा दायित्व विमा, म्हणजेच लायबिलिटी कव्हर, निराळा मागून घ्यावा लागतो.

रक्कम ठरवताना वाहन प्रथम बाजूला काढावे. मोटारीच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात मृत्यू व इजा यांसाठी रकमेची मर्यादा नसते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र ती खासगी मोटारीला साडेसात लाख आणि दुचाकीला एक लाख रुपये असते. वैयक्तिक दायित्व विम्यात वाहनाचे अपघात सहसा वगळलेले असतात, त्यामुळे ही उणीव त्यातून भरून निघेल असे समजू नये.

आपल्या मालमत्तेइतकी रक्कम घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते हिशेब समोरच्याच्या नुकसानीपासून सुरू करावा. मोटार अपघातातील भरपाई ठरवणारी न्यायाधिकरणे सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांतील सूत्र वापरतात. कुंडीच्या प्रकरणात ते जसेच्या तसे बंधनकारक नसले, तरी अंदाज बांधायला उत्तम आहे. समजा, कर वजा जाता महिना ६०,००० रुपये मिळवणारा, कायम नोकरीतला ३५ वर्षांचा गृहस्थ मृत्यू पावला आणि मागे पत्नी व दोन मुले राहिली. वार्षिक ७.२० लाखांत भावी वाढीचे ५० टक्के मिळवले की १०.८० लाख होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की ७.२० लाख उरतात आणि त्यांना वयानुसार १६ ने गुणले की १ कोटी १५ लाख २० हजार रुपये होतात. मुंबईत असा पगार मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून रहदारीच्या रस्त्यावर खिडक्या असलेल्या घराला दहा-वीस लाखांचे कव्हर नाममात्रच ठरते. एक कोटीच्या खाली जाऊ नये.

त्यानंतर स्वतःची मालमत्ता पाहावी, कारण विम्याच्या रकमेपेक्षा जास्त भरपाई द्यावी लागली तर तिच्यावर जप्ती येऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, मुदत ठेवी आणि शेअर यांना असे संरक्षण सहसा नसते. दादर-पार्ल्यात वडिलोपार्जित फ्लॅट नावावर असेल, घरात कुत्रा असेल किंवा वरचेवर पाहुण्यांचा राबता असेल, तर कंपनी देत असल्यास दीड-दोन कोटींपर्यंत जावे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, विशेष बचत नसलेल्या तरुणाने मात्र आधी आरोग्य विमा पुरेसा करावा.

पॉलिसी वाचताना एका अपघाताची आणि संपूर्ण वर्षाची मर्यादा वेगवेगळी पाहावी. वकिलाचा खर्च त्या रकमेतूनच जाणार का, हे लेखी विचारावे. वॉशिंग मशिनची नळी अचानक फुटून खालच्या घराचे छत भिजणे आणि बाथरूममधून वर्षानुवर्षे पाणी झिरपणे यांत विमा कंपन्या फरक करतात. दुसऱ्या प्रकारचे नुकसान सहसा वगळलेले असते. घरकामाच्या बाईंना काम करताना झालेली इजाही बहुधा निराळ्या कव्हरमध्ये येते. दुर्घटना घडल्यास जखमीला तातडीची मदत अवश्य करावी, परंतु कंपनीला लेखी कळवून तिची संमती मिळेपर्यंत भरपाईची रक्कम कबूल करू नये. अशा परस्पर तडजोडीवर बोट ठेवून दावा नाकारला जाऊ शकतो.