आर्किटेक्चर करून चित्रकार व्हायचं असेल तर

बी.आर्क.ची पाच वर्षं करून पोरगं चित्रकलेकडे वळलं की घरचे विचारतात, मग एवढी फी कशाला भरली? याचं उत्तर पुण्याच्या वेताळ टेकडीवर मिळतं. इतरांना तिथे उतार दिसतो, आपल्याला सेक्शन, म्हणजे उभा छेद दिसतो. वर मुरूम, खाली काळा बेसॉल्ट. जुन्या खाणीच्या कापलेल्या कडेला तर तो आयताच उघडा पडलाय. कॉन्टूर शीट्स, म्हणजे जमिनीच्या चढउताराचे नकाशे काढून काढून लागलेली ही नजर फुकट जात नाही.

पण तीच आडवीही येते. हात पर्स्पेक्टिव्ह अचूक काढतो आणि निसर्गचित्र बिल्डरच्या ब्रोशरसारखं दिसायला लागतं. यावर मला लागू पडलेला उपाय सांगतो. जागेवर टूबी पेन्सिलने भराभर स्केच करायचं, फोटो काढायचा नाही. स्केच कपाटात टाकायचं. आठवडाभराने तीच जागा, तेवढ्याच चौकटीत, गेटवेवर, म्हणजे ट्रेसिंग पेपरवर, आठवून काढायची आणि मग ती शीट स्केचवर ठेवून ताडून बघायची. पर्वतीच्या पायऱ्या मला दर वेळी आहेत त्याहून उभ्या आठवतात. लहानपणी आजीचा हात धरून चढलोय ना. मागचे टॉवर सरळ गायब! हा जो फरक पडतो, तोच कॅनव्हासवर न्यायचा. कुठलं खरं, या वादात पडायचं नाही.

पेठेतल्या एखाद्या वाड्याचं मेजर्ड ड्रॉइंग, म्हणजे मापं घेऊन काढलेलं ड्रॉइंग, केलं असेल तर ते जपा. वाडा पडला की ओसरीची उंची आणि तुळईची जाडी तेवढ्या कागदावरच उरते. कोनाड्यातली काजळी मात्र ड्रॉइंगमध्ये कधीच नसते, ती आपणच घालायची.

नोकरी लगेच सोडू नका. चित्रकार सुधीर पटवर्धन पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि २००५पर्यंत ठाण्यात रेडिऑलॉजिस्टचं काम करत करतच चित्रं काढत राहिले. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणीही चालू ठेवा. १९७२च्या कायद्याप्रमाणे तिच्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि फुटकळ कामं त्याच नावावर मिळतात. पहिलं प्रदर्शन दोघातिघांत मिळून करा, फ्रेमिंगचा खर्च आधीच बाजूला काढा. चित्राची किंमत चौरस इंचावर लावतात हे ऐकून दचकू नका. आपल्याला चौरस फुटाची सवय आहेच.