डीह्युमिडिफायर घेताना डब्यावरचा आकडा नीट वाचा

पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला म्हणून मी ऑनलाइन एक स्वस्तातलं छोटं डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून टाकीत पाणी जमा करणारं मशीन) मागवलं, रात्रभर चालवलं आन् सकाळी टाकीत बघतो तर पाणी किती, अर्धा कप चहाएवढं!

तर घ्यायच्या आधी हे करा:

१. पहिले साधा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र) घ्या, खोली बंद करून आर्द्रता बघा. 60 टक्क्यांच्या आत असेल तर मशीनची गरजच नाही. आन् हो, आपल्या नागपुरात जुलैतही कूलर पाण्यासकट चालूच असतो, त्याचा पंप बंद करून नुसता फॅन ठेवून बघा, फुकटात फरक पडतो.

२. डब्यावर पेल्टियर (म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेवर थंड होणारी छोटी चकती) लिहिलं असेल तर ते कपाटापुरतं, खोलीसाठी कॉम्प्रेसरवालंच लागतं.

३. "दिवसाला 12 लिटर" हा आकडा बहुतेक वेळा 30 डिग्री आणि 80 टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो, घरात हवा जशी कोरडी होत जाते तसं पाणी कमी निघतं, म्हणून 27 डिग्री 60 टक्क्यांवर किती निघतं ते दुकानदाराला विचारा, त्याला नाही सांगता आलं तर मॅन्युअल मागा.

४. मागे नळी लावायची सोय आहे का बघा, नाहीतर टाकी भरली की मशीन बंद आन् तुम्ही ऑफिसात.

फक्त टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकू नका, दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात धूळ-घाण असते.