जूनची यादी मे महिन्यातच लिहायची

एरवी महिन्याची यादी लिहायला बसले की माझा एकच प्रश्न असतो, काय संपलं? जूनच्या यादीला तो पुरत नाही. तिथे विचारायचं, आपल्या घरात कोरडं काय राहील? परळच्या आमच्या घरात स्वयंपाकघराची एक भिंत बाहेरच्या बाजूची आहे. जुलैत तिला हात लावला तर तळवा ओला होतो. त्या भिंतीच्या फळीवर जे ठेवाल ते सादळणार, मग डबा कितीही महागाचा असो. म्हणून कागद-पेन घ्यायच्या आधी मी फळ्या बघते. कोरड्या दोन फळ्यांवर किती डबे बसतात, तेवढाच आमचा जून.

हे सगळं २० मेच्या आत उरकायचं. मुंबईत पाऊस पोचायची वेधशाळेची नेहमीची तारीख ११ जून, त्यामुळे मेचा शेवटचा आठवडा आपलाच, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. २०२५ साली तो २६ मेला आला. आमच्या मिरच्या तेव्हा गच्चीवर, जुन्या साडीवर पसरलेल्या. मी जिना चढून पोचेपर्यंत तीन किलो बेडगी चिंब. दोन दिवस पंख्याखाली, मग तव्यावर, आणि शेवटी निम्मी टाकून दिली. तेव्हापासून मसाला एप्रिलमध्ये, आणि तोही घरी वाळवायच्या फंदात न पडता. लालबागच्या मसाला बाजारात मिरची घ्यायची, खडा मसाला घ्यायचा, तिथेच भाजून डंकावर कुटून घ्यायचा आणि संध्याकाळी गरम डबा मांडीवर ठेवून घरी यायचं. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, आणि धण्यात कंजुषी नाही. डबा लगेच बंद करू नका, मसाला पूर्ण निवू द्या. मग बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे दोन खडे. रोजच्यासाठी लहान डबी वेगळी. मोठ्या बरणीत पावसाळाभर ओला चमचा सोडाच, कोरडाही सारखा घालायचा नाही.

मसाला झाला की यादीतलं दुसरं काम, गावाला फोन. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्याआधी सुट्टीला गेलेले चाकरमानी परततात, आणि प्रत्येकाच्या पिशवीत आपल्यासाठी काहीतरी असतं. कुळथाचं पीठ, आमसुलं, आगळ, फणसाचे पापड, एखादी आंबापोळी. जाऊबाईंना सरळ विचारायचं, "यंदा काय काय पाठवताय?" लाज वाटून घेऊ नका. एका वर्षी मी न विचारता दोन किलो आमसुलं इथे विकत घेतली आणि आठच दिवसांत गावाहून तीन किलो आली. आमच्याकडे त्या वर्षी दिवाळीच्या फराळासोबतसुद्धा सोलकढी होती.

आता कागद. माझे सासरे कापडगिरणीत होते, त्यांची यादी लिहायची पद्धत मी उचललीय. वर "श्री", मग डावीकडे जिन्नस, मध्ये वजन, उजवीकडे भावासाठी मोकळी जागा. त्यांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. १९८२च्या संपातल्या पानांवर जिन्नस पहिल्यासारखेच, फक्त मधला रकाना आक्रसत गेलेला दिसतो. तूरडाळ दोन किलोवरून एक, मग पाव. एकही ओळ त्यांनी खोडली नाही. सांगायचं कारण हे की जुन्या याद्या टाकू नका. गेल्या जूनमध्ये किती घेतलं आणि त्यातलं किती ऑगस्टमध्ये फेकलं, हे दुसरं कोणीच सांगत नाही.

यादी स्वयंपाकघरात उभं राहूनच लिहायची. डबा हातात घ्या, हलवा, झाकण उघडून वास घ्या. सोफ्यावर बसून आठवून लिहिलेल्या यादीत मोहरी हमखास येते, घरात तीन पुड्या असतानाही. आणि मीठ हमखास राहतं.

चार माणसांचं आमचं माप एरवी असं: तांदूळ दहा किलो, गहू दहा किलो, तूरडाळ दोन, मूगडाळ एक, साखर तीन, तेल चार लिटर, शेंगदाणे दीड किलो, रवा आणि पोहे एकेक किलो. जूनमध्ये यातलं काय बदलायचं, ते सांगते. तांदूळ तेवढेच, उलट पाच किलो जास्त चालतील, कारण तांदूळ नीट ठेवला तर जुना होऊन चांगलाच होतो. रोजच्या भाताला आम्ही कोलम घेतो. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या नावाची पाटी जिथे तिथे दिसते, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्या आणि मूठभर हातात घेऊन बघा. गहूही चालेल, पण पीठ नाही. गिरणीवर एरवी पाच किलो टाकत असाल तर जून ते सप्टेंबर दोन-तीन किलोच टाका. दळण आलं की गरम पीठ डब्यात कोंबू नका, परातीत पसरा. डाळींना चमचाभर एरंडेल चोळून ठेवायची सासूबाईंची रीत मी मोडलेली नाही. गव्हाच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला. रवा मात्र जाळी धरतोच, त्यावर एकच उपाय: अर्धा किलो आणा, आल्या दिवशी कोरडा भाजा, मग डब्यात. पोहेही अर्धा-अर्धा किलो दोनदा. बेसन फ्रिजमध्ये, जागा असेल तर. पापड, फेण्या, कुरडया यांना दुहेरी पिशवी. मिठाच्या बरणीत तळाला थोडे तांदळाचे दाणे. काडेपेट्यांचा पुडा प्लॅस्टिकच्या डब्यात, नाहीतर सकाळी सहा वाजता वीस काड्या ओढून चहा मिळत नाही.

तेलाबद्दल जरा थांबते. पिशवीवर लिटर लिहिलंय की ग्रॅम, हे वाचल्याशिवाय भावाची तुलना करू नका. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे एका कंपनीची लिटरची पिशवी आणि दुसरीची किलोची पिशवी शेजारी ठेवली तर स्वस्त वाटणारी खरोखर स्वस्त असेलच असं नाही. तीच गत बिस्किटं, चहा आणि साबणाची. पाकीट तेवढंच दिसतं, आतलं वजन उतरतं. पाकिटावर बारीक अक्षरात दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापलेली असते, चष्मा लावून ती वाचायची. आणि एमआरपी ही कमाल किंमत आहे. त्याहून कमी घेतलं तर कोणी दुकानदाराला पकडून नेत नाही, हे आमच्या शेठना मी दर महिन्याला आठवण करून देते. तेही दर महिन्याला हसतात आणि दोन रुपये सोडतात.

मासे खाणाऱ्यांच्या यादीला जूनमध्ये एक जास्तीचं पान लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, ६१ दिवस. बाजारात त्या काळात मासळी अगदीच नसते असं नाही, खाडीची येते, बर्फातली येते, पण भाव ऐकून माणूस मेथीकडे वळतो. म्हणून सुकी मासळी मेमध्येच. बोंबील, सुकट, सोडे, आणि आवडत असेल तर खारा बांगडा. मोठं कुटुंब असेल तर चार घरांनी मिळून मरोळच्या सुक्या बाजाराला जा, नाहीतर आपल्या नेहमीच्या मावशींना आधी सांगून ठेवा, त्या चांगला माल बाजूला काढतात. सोडे महाग, पण मूठभर सोडे अख्ख्या वांग्याच्या भाजीला पुरतात, तेव्हा पाव किलोही खूप झाले. बोंबील वाकवून बघा, कडक मोडला पाहिजे. लवला तर त्यात ओल आहे, आठवड्यात वास मारेल. घरी आणून एक कडक ऊन द्यायचं, बोंबलाची डोकी-शेपट्या कापायच्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, तोही दुसऱ्या पिशवीत. शेजारी शाकाहारी असतील तर उन्हाला ठेवायची वेळ दुपारची निवडा. आमच्या मजल्यावर या विषयावर सोसायटीची एक बैठक झालेली आहे, जास्त लिहीत नाही.

उपासाचं सामान लिहायला कालनिर्णय भिंतीवरून उतरवायचं. आमच्या घरात ते फ्रिजशेजारी असतं, दुधाचे हिशोब आणि गॅसची तारीख त्याच्यावरच. आषाढी कधी, त्याआधी कांदेनवमी कधी, श्रावण कधी लागतो, हे बघितल्याशिवाय कांद्याचं माप ठरत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदेनवमीला भजी-थालीपीठ करून कांदा संपवतात, मग दहा किलो भरून ठेवण्यात काय अर्थ? आमच्याकडे फक्त सासूबाई पाळतात, तेव्हा पाच किलो उन्हाळी कांदा, टोपलीत, वारा लागेल असा, बटाट्यांपासून लांब. साबुदाणा एक किलो, वरई अर्धा, राजगिरा पाव. वरईचं पीठ सुटं आणू नका. ओल धरली की त्यात बुरशी येते आणि उपासाच्या दिवशी पोटं बिघडल्याच्या बातम्या येतच असतात. बंद पाकिटातली वरई आणा, निवडा, धुवा, वाळवा आणि लागेल तेवढी घरच्या मिक्सरवर फिरवा.

भाजीची यादी मी लिहीतच नाही, कारण बाजारात गेल्यावर ती पाळता येत नाही. दोनच गोष्टी ध्यानात ठेवते. भाजीवाला "वीस" म्हणतो ते पाव किलोचे, घाईत ते किलोचे ऐकू येतात. मनातल्या मनात चारने गुणायचं. दुसरी, पहिल्या पावसाच्या आसपास दादर स्टेशनबाहेर पालघर, कर्जतकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं दिसली की बाकीचं सगळं बाजूला. पण शेवळांबरोबर काकडंही मागून घ्या, त्या आंबट फळांशिवाय शिजवली तर घसा खवखवतो. मागितलं नाही तर गर्दीत त्याही विसरतात. मग टाकळा, फोडशी, कंटोळी एकामागून एक येतात. चार-सहा आठवड्यांचा खेळ असतो, तेव्हा त्या दिवसांत फ्लॉवर-कोबी विकत घेणाऱ्याबद्दल माझं मत मी मनातच ठेवते. पालेभाजी मात्र पावसात चिखल घेऊन येते, जुडी अर्धी निघते. स्टेशनबाहेर मोड आलेल्या कडधान्यांची पाकिटं मिळतात, कामावरून परतताना ती सोयीची. पण दमट हवेत मटकीला घरीही एका रात्रीत मोड येतात, पावसाळ्याने दिलेली ही एक सवलत समजा.

यादीच्या पाठीमागे अडीअडचणीचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती आणि दूध दोन दिवस आलं नाही. घरात लहान मूल होतं. त्यानंतर दुधाच्या पावडरचं एक पाकीट, मेणबत्त्या, चार दिवस पुरतील एवढे चुरमुरे-फुटाणे आणि पिण्याच्या पाण्याची भरलेली कळशी, हे आमच्याकडे जून ते सप्टेंबर असतंच. पावडरच्या पाकिटावरची तारीख दर वर्षी बघायची, गेल्या वर्षीचं खीर करून संपवायचं.

मुलगा म्हणतो, "आई, एवढं कशाला, दहा मिनिटांत येतं सगळं." येतं ना, कोरड्या दिवशी येतं. हिंदमाताला पाणी भरलं की त्या दहा मिनिटांचे दोन तास होतात, आणि झाले नाहीत तरी कोथिंबिरीच्या जुडीसाठी कुणाच्या पोराला कमरेएवढ्या पाण्यातून बोलवायचं मला जमत नाही. पावसाळ्यात ॲप म्हणजे औषध आणि ब्रेड, बाकी काही नाही, असा आमचा तह झालाय.

पिशव्यांचंही यादीत लिहा. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या २०१८ साली बंद झाल्या, कापडी पिशवी पावसात भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि कुबट मारते. तांदूळ ज्या नायलॉनच्या गोणीत येतो तिला नाडी शिवून घेतली की उत्तम पिशवी होते. परळ स्टेशनच्या पुलावर तिने मला कधी दगा दिलेला नाही.

यादी झाली की फोटो काढून शेठना पाठवायचा, पण १ ते ७ तारखेच्या दरम्यान नाही. त्या आठवड्यात पगार झालेले सगळेच येतात आणि तुमची गोणी संध्याकाळी घाईत भरली जाते. त्यानंतरचा, २० मेच्या आतला एखादा मंगळवार-बुधवार, सकाळी अकराच्या आधी. "अर्धा" लिहिताना किलो की पाकीट हे स्पष्ट लिहा, नाहीतर हिंग अर्धा किलो येतो, आमच्याकडे आलेला आहे. सामान आलं की ते आणणाऱ्या दुकानातल्या पोराला पाणी द्या, बिलाशी वजनं ताडून बघा, गोणपाट गॅलरीत झटका. मग जुने डबे रिकामे करून, पुसून, उन्हात तासभर पालथे घालून, नवं खाली आणि जुनं वर असं भरत चला. ऊन असेपर्यंतच हे करता येतं, म्हणून भात सकाळीच लावून ठेवा.