शेजाऱ्याचं कुंपण वादळात आपल्या घरावर पडलं? या चुका टाळा

कुंपणाचा पत्रा सुटून शेजारच्या कौलांवर आदळला की दोन वाक्यं ठरलेली. "कुंपण तुझं, भरून दे." आणि "वादळाने पडलं, मी काय करू?" दोघांचंही चुकतं.

कुंपण कोणाच्या मालकीचं, एवढ्यावरून भरपाई ठरत नाही. मालकाने हलगर्जीपणा केला हे दाखवावं लागतं. खांब कुजलाय हे त्याला दिसत होतं का, किंवा दिसायला हवं होतं का? मग दुरुस्ती का केली नाही? दिवाणी दाव्याचा सगळा भार या प्रश्नांवर असतो.

उलट, "दैवी आपत्ती" म्हटलं की सुटलो, असंही नाही. गुजरातमध्ये धरणाचं पाणी सोडल्याने शेतं बुडाली, त्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा हा बचाव मान्य केला नाही. मोठा पाऊस अपेक्षितच होता. रायगडात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने आदळलं. तेव्हा नीट बांधलेली भिंत कोसळली असेल, तर मालकाची बाजू भक्कम. पण दर जूनमध्ये येणाऱ्या वाऱ्याला कोकणात कोणी अनपेक्षित म्हणू नये.

सगळ्यात महाग चूक होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. अंगण झाडायच्या घाईत मोडलेले अँगल भंगारात जातात आणि पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. अँगल जिथे तुटला तिथे जवळून पाहा. तुटलेली कड चकचकीत असेल तर तो वाऱ्याने मोडला. आतपर्यंत तपकिरी, पापुद्रे सुटणारा गंज असेल तर तो आधीच कामातून गेला होता. काँक्रीटसकट उपटून आला असेल तर खड्डा किती खोल होता तेही मोजा. फोटो काढताना पट्टी शेजारी ठेवा. पत्रे शेजाऱ्याचे आहेत, परस्पर विकू नका. मात्र छपरावर ताडपत्री लगेच टाका आणि बिल जपून ठेवा. घर भिजू दिलंत तर ते वाढीव नुकसान शेजाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

तलाठ्याचा पंचनामा जरूर करून घ्या, पण तो सरकारी मदतीसाठी असतो. चूक कोणाची हे त्यातून ठरत नाही.

खरं काम मे महिन्यातलं. भिंत झुकलीय हे शेजाऱ्याला बांधावर उभं राहून सांगितलेलं कोर्टात कोण सिद्ध करणार? फोटोसकट व्हॉट्सॲप करा, ऐकलं नाही तर स्पीड पोस्टाने पत्र द्या. संबंध बिघडतील म्हणून लोक कचरतात. पण पत्रा कौलांवर पडल्यावर ते बिघडतातच. भिंत किंवा झाड आजूबाजूच्यांच्या अंगावर पडेल अशी अवस्था असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ते दुरुस्तीचा, आधार देण्याचा किंवा काढून टाकण्याचा आदेश देऊ शकतात. झाड असेल तर परस्पर कोयता चालवू नका, तोडायला परवानगी लागू शकते.

कुंपण नेमकं कोणाचं हेच माहीत नसेल तर आधी मोजणी करून घ्या. हद्दीवरचा गडगा (दगडी कुंपण) दोघांचा सामाईक निघाला, तर दुरुस्ती न करण्यात तुमचाही वाटा असतो.

मागणी करताना वीस वर्षं जुन्या सिमेंटच्या पत्र्याला नव्या पत्र्याची किंमत लावू नका. तिथेच बोलणी फिसकटतात. घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, वजा करून आकडा सांगा, सोबत गवंड्याचं लेखी अंदाजपत्रक जोडा.

आणि शेजाऱ्याच्या मागे लागण्याआधी स्वतःची घराची विमा पॉलिसी उघडा. 'भारत गृह रक्षा' असेल तर वादळाने घराचं झालेलं नुकसान त्यात येतं, चूक कोणाची हे सिद्ध न करता.